लायब्ररीच्या मदतीसाठी चित्र-हस्तकला प्रदर्शन भरवायचंय? पहिल्या मीटिंगपासून शेवटच्या हिशोबापर्यंत सगळं

लायब्ररीसाठी पैसे उभे करायचे म्हटलं की कोणीतरी म्हणतंच, आपल्यात इतके जण चित्रं काढतात, विणकाम करतात, मातीची भांडी बनवतात, एक प्रदर्शन भरवूया ना. कल्पना खरंच चांगली आहे. पण अशी प्रदर्शनं बहुतेकदा हॉलमधे नाही तर कागदावर फसतात. चित्र कोणाचं, किंमत किती, लायब्ररीचा वाटा किती, विकलं तर कलाकाराला पैसे कधी, नाही विकलं तर परत कधी न्यायचं, हे लिहून ठेवलेलं नसतं आणि मग चांगल्या कामातून नाराजी उरते. म्हणून या लेखात सजावटीपेक्षा रजिस्टरबद्दल जास्त वाचायला मिळेल, ते मुद्दाम आहे.

आधी ठरवा, पैसे नेमके कशाला

"लायब्ररीला मदत" एवढंच पोस्टरवर लिहिलं तर लोक वाचतात आणि पुढे जातात. "लहान मुलांच्या विभागात बुटकी कपाटं", "कमी दिसणाऱ्यांसाठी मोठ्या अक्षरातली पुस्तकं", "फाटलेल्या पुस्तकांची बांधणी" असं काहीतरी डोळ्यासमोर येईल असं लिहिलं की माणूस थांबतो. लायब्ररी सांभाळणाऱ्यांसोबत बसा आणि त्यांनाच विचारा की सगळ्यात जास्त अडतंय कुठे. अजून एक गोष्ट, प्रदर्शनाचा पैसा एकदाच येतो, त्यामुळे तो एकदाच होणाऱ्या खर्चाला लावा, म्हणजे कपाटं, खुर्च्या, पुस्तकं, दिवे. पगार किंवा लाइटबिल यावर लावला तर काही महिन्यांनी परत तिथेच याल.

मग आकडेमोड, आणि ती अगदी पहिल्या मीटिंगमधेच करा. समजा लायब्ररीला १०० हवेत, हॉल, छपाई, दिवे यांचा खर्च २० आहे आणि प्रत्येक विक्रीतला ३०% लायब्ररीला मिळणार आहे. म्हणजे ३०% मधून १२० यायला हवेत, त्यासाठी विक्री ४०० ची व्हावी लागेल! हा आकडा बघून बरेच जण गप्प होतात पण तो आत्ता बघितलेला बरा. यातून वाट काढायची तर नुसत्या चित्रविक्रीवर अवलंबून राहायचं नाही. कार्यशाळेची फी, देणगीपेटी, छोट्या वस्तू, लेखी बोली (वस्तूशेजारच्या कागदावर लोक रक्कम लिहितात, सगळ्यात जास्त लिहिणाऱ्याला वस्तू) यातून ६० आले तर विक्री २०० चीच लागते, म्हणजे निम्मी. खर्च कोणी वस्तुरूपात उचलला, म्हणजे हॉल फुकट मिळाला किंवा छपाई कोणी करून दिली, तर अजून कमी.

कलाकाराचा वाटा

याबाबत माझं मत ठाम आहे, कलाकाराकडून सगळंच दान मागू नका. रंग, कॅनव्हास, फ्रेम, लोकर, माती, भट्टी याला पैसे लागतात आणि वेळ तर धरतच नाही आपण. चांगल्या कामासाठी आहे म्हणून एकदा देतात, दुसऱ्या वर्षी घरात पडलेलं जुनं काहीतरी देतात आणि तिसऱ्या वर्षी फोन उचलत नाहीत. ७०-३० किंवा ६०-४० अशी वाटणी ठेवा, आणि ज्यांना मनापासून सगळं द्यायचंय त्यांच्यासाठी फॉर्मवर वेगळा रकाना ठेवा, "पूर्ण रक्कम लायब्ररीला". हा रकाना भरणारे निघतातच, पण तो त्यांचा निर्णय असू द्या.

किंमत कलाकारानेच ठरवायची, तुम्ही फक्त हिशोब समजावून सांगा कारण इथे खूप जण चुकतात. हातात ७० यायला हवेत आणि लायब्ररीचा वाटा ३०% असेल तर ७० ला ०.७ ने भागायचं, किंमत १००. बरेच जण ७० वर ३०% चढवतात, किंमत ९१ लावतात, आणि त्यातून ३०% गेल्यावर हातात ६३.७० येतात, मग वाटतं आपल्याला कमी दिले. फ्रेमचा खर्च किंमतीत धरलाय का हेही विचारा. आणि तीच वस्तू बाहेर स्वस्तात विकत असतील तर इथे महाग लावू नका म्हणून सांगा, लोकांना कळतं ते.

फॉर्म

निदान ३ महिने आधी फॉर्म वाटा, ४ मिळाले तर उत्तम, कारण विणणाऱ्याला वेळ लागतो आणि तैलरंग हाताला लागणार नाहीत इतके सुकायलाच बऱ्याचदा एक-दोन आठवडे जातात, जाड थर असेल तर कितीतरी जास्त. फॉर्ममधे नाव, फोन, कलाकृतीचं नाव, माध्यम, फ्रेमसकट माप (आधी उंची, मग रुंदी, सगळ्यांचं एकाच पद्धतीने), किंमत किंवा "विक्रीसाठी नाही", आणि भिंतीवर लागणार की टेबलावर ठेवायची हे सगळं हवं. त्याखाली अटी, साध्या भाषेत: प्रदर्शन कधी ते कधी, वस्तू कधी आणून द्यायची, कधी न्यायची, नेली नाही तर तिचं काय, वाटणी किती, पैसे किती दिवसात मिळतील, फोटो काढून प्रसिद्धीला वापरले तर चालतील का, तुटफूट झाली तर जबाबदारी कोणाची. दोन्हीकडच्या सह्या आणि एक प्रत कलाकाराकडे.

जबाबदारीचं आधी नीट बघून घ्या. हॉलचा विमा असला तरी तो बऱ्याचदा इमारतीचा आणि त्यांच्या सामानाचा असतो, तुम्ही आणलेल्या दुसऱ्यांच्या वस्तू त्यात येतातच असं नाही. विचारा, लेखी उत्तर घ्या, आणि विमा नसेल तर तसं फॉर्ममधे स्पष्ट लिहा म्हणजे ज्याला जोखीम नको तो महागडं काम आणणार नाही.

प्रिंट असेल तर प्रिंट म्हणूनच लिहायला लावा. मर्यादित प्रती असतील तर ३/२५ असा आकडा चित्राखाली पेन्सिलने लिहायची पद्धत आहे, म्हणजे २५ पैकी तिसरी. दुसऱ्याच्या चित्राची किंवा फोटोची नक्कल विकायला घेऊ नका, सरावासाठी काढलेली असली तरी. मुलांचं काम असेल तर पालकांची सही हवीच, आणि लेबलवर मुलाचं फक्त पहिलं नाव आणि वय.

निवड करायची की येईल ते सगळं लावायचं? माझ्या मते समुदायाच्या प्रदर्शनात कोणाला नाही म्हणू नये पण संख्येवर मर्यादा हवी, माणशी २ किंवा ३ कामं. भिंत किती आहे ते आधी मोजा, मग मर्यादा ठरवा. गच्च भरलेल्या भिंतीवर चांगलं चित्रसुद्धा दिसत नाही आणि दिसलं नाही तर विकलं जात नाही.

जागा

लायब्ररीतच भरवता आलं तर छानच, कारण लोकांना दिसतं की पैसा कुठे जाणार आहे. पण वाचायला येणाऱ्यांचं काय, आवाजाचं काय, भिंतीला खिळे चालतात का, हे बघा. खिळे चालत नसतील तर उभे पॅनेल किंवा जाळीचे स्टँड भाड्याने घ्या, आणि त्यांचे पाय रुंद आहेत ना, धक्का लागला तर हलतात का, स्वतः हलवून बघा. चालायची वाट निदान १२० सेंटिमीटर ठेवा, आणि व्हीलचेअर जिथे वळणार तिथे १५० सेंटिमीटरचा मोकळा गोल. शिशुगाडीवाल्या आईलाही तोच उपयोगी पडतो. बाहेर जायचं दार पॅनेलमागे झाकलं जाणार नाही हे एकदा नकाशा काढतानाच बघा.

वस्तू ताब्यात घेण्याचा दिवस

हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. एक टेबल, दोन माणसं, एक रजिस्टर. वस्तू आली की कलाकारासमोरच उघडायची, ओरखडा, चीर, सैल फ्रेम काही असेल तर लिहायचं, मोबाइलवर पुढून-मागून फोटो काढायचा, नंबर द्यायचा आणि तोच नंबर वस्तूच्या मागे, रजिस्टरमधे, लेबलवर आणि पावतीवर. नंबर साधे ठेवा, चित्रांना चि-१, चि-२, मातीकामाला मा-१, कापडाला का-१ असे. एकाच प्रकारच्या वीस वस्तू असतील, समजा बुकमार्क, तर एक नंबर आणि पुढे नगसंख्या. कलाकाराला पोच द्यायची.

लटकवायची सोय नसलेलं चित्र घेऊ नका, हे फॉर्ममधेच लिहा. फ्रेमच्या मागे दोन्ही बाजूंना, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर स्क्रूने घट्ट बसवलेल्या कड्या आणि त्यांना तार किंवा मजबूत दोरी. मधोमध दात असलेली पत्र्याची पट्टी असते ना, ती हलक्या फ्रेमलाच ठीक, काचेच्या जड फ्रेमला नको. आणि बबल रॅप थेट रंगवलेल्या बाजूला लावू नका, फुगे दाबून रंगावर ठसे उमटतात, आधी बटर पेपर मग बबल रॅप. अॅक्रिलिकची दोन चित्रं समोरासमोर ठेवली आणि गरम झालं तर चिकटतात, म्हणून मधे कागद हवाच.

भिंत लावणं

आधी सगळं जमिनीवर भिंतीला टेकवून मांडा आणि लांबून बघा, फिरवाफिरव तेव्हाच करा. मोठं, लांबून ओढून घेणारं चित्र दारातून समोर दिसेल अशा भिंतीवर. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर येऊ द्या, म्हणजे बहुतेकांच्या नजरेसमोर, मुलांची चित्रं थोडी खाली म्हणजे मुलांनाही आपलं काम दिसेल. खिळा कुठे मारायचा याचं गणित सोपं आहे: १५० अधिक चित्राची अर्धी उंची वजा ताणलेली तार फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकी खाली आहे ते अंतर. उदाहरणार्थ चित्र ६० सेंटिमीटर उंच, तार ८ खाली, तर १५० + ३० − ८ = १७२ सेंटिमीटरवर खिळा. जड चित्राला दोन खिळे, वाकडंही होत नाही. दोन चित्रांमधे निदान १५ सेंटिमीटर जागा सोडा, मोठ्यांना त्याच्या दुप्पट.

प्रकाशाबद्दल, जलरंग, कागदावरचं काम आणि रंगवलेलं कापड हे सगळ्यात नाजूक, संग्रहालयात त्यांना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपासच प्रकाश देतात आणि तैलरंगाला साधारण २०० पर्यंत. दोन-तीन दिवसांच्या प्रदर्शनात मीटर घेऊन फिरायची गरज नाही, पण थेट ऊन पडणाऱ्या खिडकीसमोर ही कामं लावू नका एवढं नक्की. स्पॉटलाइट वरून, सरळ खाली जाणाऱ्या रेषेशी साधारण ३० अंशाच्या कोनात ठेवला तर काचेत चमक कमी येते. एलईडी दिवा घेताना पाकिटावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त बघा, नाहीतर लाल रंग मळका दिसतो आणि घरी नेल्यावर लोक म्हणतात तिथे वेगळं दिसत होतं.

टेबलं

हस्तकलेच्या वस्तू सपाट टेबलावर पसरून ठेवल्या की सगळं एकसारखं दिसतं. खाली खोकी ठेवा, वरून एकरंगी कापड घाला, जमिनीपर्यंत येईल असं, म्हणजे उंची-खोली येते आणि खोकी, पिशव्या, जादा माल सगळं टेबलाखाली लपतं. जड भांडी खाली आणि मधे, कडेला कधीच नाही. उंच फुलदाणीच्या तळाला चिकट पुटीचे (भिंतीला लावतात ती नाही, नंतर सहज निघते ती) चार गोळे लावले तर धक्क्याने पडत नाही. दागिने बंद पेटीत. शाल, गोधडी, स्वेटर यांना लोक हात लावणारच, लावू द्या, त्यासाठी एक नमुना बाहेर ठेवा आणि बाकीच्या घडी करून मागे.

विकणाऱ्याला चार गोष्टी माहीत हव्यात कारण लोक विचारतातच. भांड्यात जेवण वाढता येतं का की फक्त शोभेचं आहे (ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा चकचकीत थर, कुठला आहे ते बनवणाऱ्यालाच विचारून लेबलवर लिहा, अंदाजाने नको). खेळण्याला सुटे छोटे तुकडे आहेत का, असतील तर ३ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं लेबल लावा. कापड धुवायचं कसं. रंग जातो का.

लेबलं सगळी एकाच साच्यात, अक्षर निदान १८ पॉइंट, उजवीकडे खाली, सगळी एका रेषेत. नंबर, कलाकार, नाव, माध्यम, माप, किंमत. किंमत न लिहिता "चौकशी करा" असं लिहू नका, समुदायाच्या प्रदर्शनात कोणी चौकशी करत नाही, लाजतात आणि निघून जातात.

छोटं, स्वस्त, भरपूर

मोठं चित्र घ्यायची प्रत्येकाची तयारी नसते, भिंतसुद्धा नसते. पण लायब्ररीला मदत केली असं वाटावं म्हणून काहीतरी घ्यायचं असतंच. अशांसाठी बुकमार्क, ग्रीटिंग कार्ड, छोटी वही, कापडी पिशवी, विणलेलं पुस्तकाचं कव्हर. यातलं बरंच कापडाच्या आणि कागदाच्या उरलेल्या तुकड्यांतून होतं, त्यामुळे हा माल दान म्हणून मागितला तरी कोणाला जड जात नाही.

मला सगळ्यात आवडणारी कल्पना म्हणजे पोस्टकार्डांची. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टने १९९४ मधे हे सुरू केलं, पोस्टकार्डाएवढी मूळ चित्रं, सगळ्यांची किंमत एकच, सही मागच्या बाजूला, आणि विकत घेतल्यावरच कळणार कोणाचं आहे. पैसा विद्यार्थ्यांच्या मदतीला. आपल्या छोट्या प्रदर्शनात हे अगदी सहज करता येतं. सगळ्यांना एकाच मापाचा जाड कागद वाटा (३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जलरंगाने वाकत नाही फारसा), अनुभवी चित्रकार, शाळकरी मुलगी, लायब्ररीचे शिपाईकाका, सगळ्यांची कार्डं एकाच भिंतीवर. नावाकडे बघून नाही तर चित्राकडे बघून घेतलं जातं आणि हे सगळं दान असल्यामुळे पूर्ण रक्कम लायब्ररीला जाते.

लेखी बोली ठेवायची तर चार-पाच चांगल्या वस्तूंवरच. वस्तूशेजारी कागद, वर किमान बोली आणि किती टप्प्याने वाढवायची ते, खाली नाव-फोन-रक्कम. नाव सगळ्यांसमोर नको असेल तर नंबर द्या. बंद व्हायची वेळ मोठ्या अक्षरात, आणि सगळे कागद एकदम न उचलता दहा-दहा मिनिटांनी एकेक उचला, म्हणजे एकीकडे हरलेला माणूस दुसरीकडे बोली लावतो. लकी ड्रॉ मात्र विचार करून, बऱ्याच ठिकाणी त्याला परवानगी लागते किंवा तो चालतच नाही, आधी नियम बघा.

लोकांना बोलावणं

पोस्टर हवंच, पण गर्दी आणतात ते कलाकार स्वतः. तीस कलाकारांनी आपापल्या वीस ओळखीच्यांना निरोप पाठवला तर ६०० निरोप होतात. म्हणून प्रत्येकाला त्याच्याच कलाकृतीचा फोटो असलेलं निमंत्रण बनवून द्या, तो अभिमानाने पाठवतो. लायब्ररीतून पुस्तक घरी जाईल त्यात चिठ्ठी घाला, हे वाचकच तर आपले खरे गिऱ्हाईक. उद्घाटन संध्याकाळी ठेवा, भाषण थोडक्यात आटपा कारण भाषण चालू असताना कोणी खरेदी करत नाही.

विक्रीचं टेबल

दाराजवळ एकच टेबल, नेहमी दोन माणसं. पावती तीन प्रतींत, एक गिऱ्हाइकाला, एक कलाकाराच्या पाकिटात, एक आपल्याकडे, आणि तिन्हींवर वस्तूचा नंबर. ऑनलाइन पैसे घ्यायला क्यूआर कोड संस्थेच्या किंवा लायब्ररीच्या खात्याचाच लावा, कोणा एकाच्या वैयक्तिक खात्याचा नको, माणूस कितीही सरळ असला तरी. सकाळी गल्ल्यात सुट्टे किती ठेवले ते लिहून सही, रात्री मोजून पावत्यांशी जुळवून दोघांची सही. फरक आला तर त्याच रात्री शोधा, दुसऱ्या दिवशी सापडत नाही.

विकलेल्या चित्राला लाल टिकली लावा आणि प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच राहू द्या, टिकल्या बघून बाकीच्यांना धीर येतो. "ठेवा माझ्यासाठी, येतो" म्हणणाऱ्यांना ठराविक तास द्या, अर्धी टिकली लावा, वेळ संपली की काढा. हस्तकलेच्या वस्तू मात्र लगेच देऊन टाका आणि रिकामी जागा लगेच भरा. घासाघीस सुरू झाली तर टेबलावरच्या माणसाने कमी करायचं नाही, किंमत कलाकाराची आहे, हवं तर त्याला फोन लावा.

स्वयंसेवकांना ३-४ तासांच्याच पाळ्या द्या, आणि प्रत्येक पाळीत एक माणूस असा ठेवा ज्याला बाकी काहीच काम नाही, फक्त हॉलमधे फिरायचं, चित्रांबद्दल बोलायचं, लायब्ररीत काय होणार आहे ते सांगायचं. खरी विक्री हा माणूस करतो.

नंतरचं

शेवटच्या दिवशी वस्तू परत देताना पोच परत घ्या आणि सही घ्या, गर्दीत कोणीही कोणाचंही उचलून नेऊ शकतं. कलाकारांचे पैसे १५ दिवसांच्या आत, ७ दिवसांत जमलं तर फारच छान, आणि प्रत्येकाला एक कागद: कुठली वस्तू, कितीला, लायब्ररीचा वाटा, तुमचा वाटा. सगळ्यांचे देऊन झाल्यावरच लायब्ररीला चेक द्यायचा. कर आणि देणगीच्या पावतीचे नियम जागोजागी वेगळे असतात, त्यासाठी हिशोब तपासणारा माणूस सुरुवातीपासूनच सोबत घ्या.

आणि मग एक पानाचा जाहीर हिशोब लायब्ररीच्या दारावर लावा. विक्री इतकी, कलाकारांना इतके, खर्च इतका, लायब्ररीला इतके, त्यातून हे हे घेतलं. कपाट आलं की फोटो, पुस्तकं आली की यादी, ज्यांनी खरेदी केली आणि फोन नंबर द्यायला हरकत नव्हती त्या सगळ्यांना पाठवा. न नेलेल्या वस्तूंचं काय करणार हे फॉर्ममधे लिहिलेलं असेलच, साधारण ३० दिवस सांभाळायच्या, दोनदा निरोप द्यायचा आणि मग अटीप्रमाणे लायब्ररीच्या भिंतीवर लावायच्या किंवा पुढच्या वेळी पूर्ण दानात विकायच्या.